नेमापुढचा माणूस

देवयानीने छोटं पिस्तूल उचललं, ते रिकामं असल्याची खात्री केली आणि भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर धरलं. लांब नळीचं, तळहाताच्या आकाराची लाकडी मूठ असलेलं दुसरं पिस्तूल काउंटरवर तसंच पडून होतं.

"हे कशाला?" मुरलीधरकाका म्हणाले. क्लबमध्ये नेमबाजी त्यांनीच तिला शिकवली होती. "तुझी मॅच पंचवीस मीटरची. त्या लांबड्याचा भार पुढे आहे, हात डुलत नाही. आणि हे म्हणजे पंगतीत वरण वाढायला चहाचा चमचा!"

काउंटरमागचा ग्रेग मास्कच्या आत हसला. मराठी त्याला कळत नव्हतं, सूर कळला.

"छोटं छान आहे, मेट. पण याचं करणार काय?"

उत्तर तिने गाडीतच घोकून ठेवलं होतं. या देशात पिस्तूल मिळतं ते खेळासाठी. ते घरी तिजोरीत राहतं आणि तिजोरीतून फक्त रेंजवर जातं. पर्समध्ये नाही, उशाखाली तर नाहीच. स्वतःच्या रक्षणासाठी हवंय असं तोंडातून निघालं, तर लायसन्सच जायचं.

"दुसऱ्या एका मॅचसाठी," ती म्हणाली.

"नो वरीज." ग्रेग कागद आणायला आत गेला.

काका तिच्याकडे बघत राहिले. तिचा हात मॅचसारखा लांब ताठ नव्हता. कोपरं छातीशी आली होती, पावलं वळली होती आणि ती नेमकी लेकीची, नुपूरची, प्रॅम आणि दुकानाचं दार यांच्या मधोमध उभी होती.

"पोरी, खरं सांग. मॅचसाठी कोणी असं उभं राहत नाही."

तिने पिस्तूल खाली घेतलं.

"फाटकाशी कुणीतरी येतं, काका. रोज आर्व्होला, दुपार उतरताना. नुसतं उभं राहतं."

"कोण?"

"मास्क असतो. पोलीस दोनदा येऊन गेले. मातीत पाऊल नाही, काही नाही. शेजारचं घर म्हणाल तर आख्खं शेत ओलांडून. मी आणि ही, दोघीच."

दोघीच, हे ती आता न अडखळता म्हणू शकत होती. नवरा, हृषीकेश, वडिलांच्या आजारपणात देशाबाहेर जायची परवानगी काढून पुण्याला गेला, मग कोरोनामुळे परतीची विमानं बंद झाली आणि मे महिन्यात तोच गेला. तिने त्याला फोनवर, व्हिडिओ कॉलवरच शेवटचा निरोप दिला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं होतं. चेहरा दाखवला नव्हता. त्या वेळी काका तिच्या शेजारी बसून होते.

"नुपूर घाबरते का गं?"

देवयानीने वाकून लेकीचा मोजा वर ओढला. तो नीटच होता.

"नाही. हात पसरते. उचलून घे म्हणून."

काकांनी प्रॅमकडे पाहिलं.

"उभा कसा राहतो?"

"असा." तिने डाव्या पायावर भार टाकला, उजवा हात मानेमागे नेला, मान किंचित कलती केली. आणि तशीच थांबली.

दर रविवारी क्लबच्या कुंपणापलीकडे, तिची प्रॅक्टिस संपायची वाट बघत, कोण असं उभं राहायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. दुकानातला हीटर टकटक करत राहिला.

"मी पहिला नियम काय शिकवला होता?" काकांनी विचारलं.

"समोर कोण आहे ते पक्कं कळेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही."

"मग?"

तिचा हात मानेवरून हळूच खाली आला. छोटं पिस्तूल तिने नळी भिंतीकडे करून काउंटरवर ठेवलं आणि लांब सरकवलं.

ग्रेग कागद घेऊन बाहेर आला. "हं, कुठलं ठरलं?"

"लांबवालं. मॅचचं."

काकांनी प्रॅम दाराकडे वळवली. सही करता करता देवयानीने बाहेर पाहिलं. पश्चिमेचा गार वारा सुटला होता आणि रस्त्यावरची झाडं एका बाजूला झुकली होती.

"काका, मला जरा लवकर सोडाल घरी?"

"का गं?"

"फाटक उघडायचंय. किती दिवस वाऱ्यात उभं ठेवणार त्याला?"