टेबलाखालची जागा

हेडक्लार्क साहेबांचा वैताग त्या दिवशी सकाळी साडेदहालाच सुरू झाला. कारण नेहमीचंच, शिपाईमामा!

मामा एकतीस वर्षं या कचेरीत फायली वाहत आले होते आणि गेली दोन वर्षं त्यांनी एकच घोषा लावला होता. आजही साहेब खुर्चीत टेकतात न टेकतात तोच ते समोर हजर.

"साहेब, आज भूकंपाच्या सरावाचा दिवस. अकराला घंटा देतो."

"द्या, पण कोणाला उठवू नका. खिडकीवर रांग लागलीय. सगळ्यांच्या सह्या घेतल्यात मी."

खरंच घेतल्या होत्या. सरावाच्या रजिस्टरमध्ये साहेबांच्या वळणदार अक्षरात आधीच लिहून तयार होतं, 'घंटा होताच सर्व कर्मचारी वीस सेकंदांत टेबलाखाली गेले. सराव समाधानकारक.' दर तीन महिन्यांनी मागचं पान बघून पुढचं पान लिहायचं, की झाला सराव.

आता टेबलाखाली जायचं म्हटलं तरी जाणार कुठे? कपाटं भरली तशी फायलींची गाठोडी टेबलांखाली सरकली होती. साहेबांच्या टेबलाखाली तर पाय ठेवायलाही जागा नव्हती, ते खुर्चीत तिरके बसत. पाठीशी छतापर्यंतचं लोखंडी कपाट, नुसतं उभं केलेलं. आणि गंमत म्हणजे ही कचेरी होती इमारतींना परवानगी देणारी! लोकांच्या नकाशांवर लाल शाईनं 'भूकंपाचा विचार केला आहे काय?' असं विचारणारे साहेब हेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"निदान ते कपाट तरी भिंतीला पट्टीनं आवळून घ्या," मामा म्हणाले. "चार स्क्रूंचं काम. अर्ज दिलाय मी."

"वाचला. शेरा मारून परत केलाय."

शेरा होता, 'भिंतीस भोके पाडण्याचे प्रयोजन कळवावे.'

"प्रयोजन काय कळवू, साहेब? मी सहा वर्षांचा होतो तेव्हा जमीन हलली. आमचं घर पडलं नाही, भिंती धड उभ्या राहिल्या. पडली ती भांड्यांची मांडणी, माझ्या आजीवर. ती पुन्हा उठली नाही. जमीन हलायची तेव्हा हलणारच. मांडणी बांधून ठेवणं तरी आपल्या हातात होतं ना?"

"अहो मामा, असे धक्के इथे वर्षाला दोन-चार येतात. कपातला चहा हलतो आणि थांबतो. आजवर काय वाकडं झालंय?"

"लहान आले म्हणून मोठा येणार नाही, असं कुठे लिहिलंय?"

"पुरे! तुमच्यासारखे आणखी दोघं असते तर कचेरीला कुलूपच लावावं लागलं असतं!"

मामा मागे वळले. दाराजवळच्या आपल्या छोट्या, जाड पायांच्या टेबलापाशी जाऊन बसले. त्या टेबलाखाली ते कागदाचा कपटाही ठेवत नसत. 'मामांनी दुपारच्या झोपेची सोय केलीय,' असं सगळे हसून म्हणत.

अकराला घंटा झाली. कोणी मान वर केली नाही. "झाला बरं का सराव!" टंकलेखिका बाई म्हणाल्या, आणि हशा पिकला.

सव्वाबाराला पंखा झुलायला लागला. "आला पाहुणा," कोणीतरी म्हणालं. पण पाहुणा जाईना! फरशी पायाखालून ओढल्यासारखी झाली, खिडक्या खडखडल्या, आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"टेबलाखाली! दाराकडे पळू नका, टेबलाखाली शिरा!" मामा ओरडले.

साहेब वाकले. डोकं आपटलं ते गाठोड्यावर! त्यांनी सुतळी ओढली, पण गाठ त्यांनीच मारलेली, पक्की. ती काही सुटेना. तेवढ्यात कोणीतरी त्यांची कॉलर धरली, फरफटत नेलं आणि त्या छोट्या टेबलाखाली कोंबलं. ते मामा होते. तिथे दोघांना जागा नव्हती. मामा बाहेरच गुडघ्यांवर बसले, डोकं तेवढं आत घालून.

धाडकन आवाज झाला. साहेबांचं कपाट साहेबांच्या खुर्चीवर पालथं पडलं होतं. खुर्ची दिसतच नव्हती. नकाशांची एक पत्र्याची पेटीही दारावरच्या फळीवरून घरंगळली होती, ती मामांच्या हातावर. इतरांना खरचटण्यावर निभावलं.

दवाखान्यात मामांच्या हाताला प्लास्टर घातलं. साहेब शेजारच्या बाकावर बसून होते.

"मामा, ती जागा तुमची होती हो."

"जागा तुमच्याही टेबलाखाली होती, साहेब. तुम्ही ती फायलींना दिलीत."

साहेबांना रडू आवरेना. दोन वर्षं हा माणूस जीव तोडून सांगत होता, आणि आपण त्याला कटकट्या ठरवलं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टरमधली ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'सराव झाला नाही. याआधीही कधी झाला नव्हता. जबाबदारी माझी.' गाठोडी तळमजल्यावरच्या खोलीत हलवली. कपाटांना पट्ट्या लावण्यासाठी वर अर्ज पाठवला आणि वाट बघत बसले. रोज पुन्हा उभ्या केलेल्या कपाटाकडे बघायचे आणि चरफडायचे. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'भिंतीस भोके पाडण्याचे प्रयोजन कळवावे.'

साहेब आधी संतापले. मग ते आपलंच वाक्य आहे हे आठवून खजील झाले.

दुसऱ्या दिवशी ते घरचं ड्रिल मशीन घेऊन आले. स्टुलावर चढले. मामा धड असलेल्या हाताच्या तळव्यावर स्क्रू घेऊन खाली उभे होते.

"जरा डावीकडे, साहेब. हां, बरोबर."

संध्याकाळी साहेबांनी वर उत्तर पाठवलं, 'प्रयोजन: माणसे. भोके पाडली आहेत.'

नागरिकहो, जमीन कधी हलेल हे कोणी सांगू शकत नाही. पण आपल्या उशाशी काय उभं आहे, दाराच्या वाटेत काय रचलंय आणि टेबलाखाली जागा आहे का, हे बघायला कोणाची परवानगी लागत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली खोड मोडायला हवी. तेव्हा आजच उठा आणि बघा. नुसतं 'खरं आहे' म्हणून मान डोलावू नका. सही काय, साहेबांनीही केलीच होती!