आईच्या घागरीचं खापर

हिवाळ्यात शिडीवरून उतरवताना आईची घागर हातातून निसटली, तेव्हा युफेमियानं तिचे अकरा तुकडे गोंदानं जोडून फळीवर मांडले. पाणी काही ठरेना, पण पोपट पुन्हा दिसू लागला. आईच्या हातचा, तांबड्या पोटाचा पोपट.

युक्काच्या झुडपाचं रेषाळ पान दातांनी चावून आई कुंचला करायची आणि रेघ ओढताना श्वास धरायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. पोरी बाहेर पायरीवर बसून आईच्या खोकण्याची वाट बघायच्या. आई खोकली, म्हणजे रेघ संपली.

आज युफेमियाची लेक आवेलिना पहिली घागर घडवायला आकोमा गावच्या पठारावर आईकडे आली होती. अंगणात तिनं माती भिजवून ठेवली होती. जुन्या खापराची पूड मिसळल्यावाचून ती माती जाळ सोसणार नव्हती, आणि या घरात लेकीच्या पहिल्या घागरीत घरचंच खापर जात आलं होतं.

युफेमियानं वाडगाभर पूड पुढे केली. नव्वदीला टेकलेल्या सांताना मावशीला दिसत नव्हतं. तिनं चिमूट बोटांत चोळली.

"ही कुणाची गं?"

"शेजारून आणली."

"आणि माझ्या बहिणीची घागर?"

"ती जोडली मी. अकराही तुकडे, गोंदानं."

मावशीला हसता हसता ठसका लागला. "जन्मभर माझ्या घागरींना गळक्या म्हणत आली, आणि आता स्वतः गळकी होऊन फळीवर बसलीय होय?"

"तिच्या हातचं दुसरं काही उरलं नाही, मावशी. बाकीच्या सगळ्या विकल्या गेल्या."

"एक तुकडा काढ. फुटलेल्या कडेला बघ आणि मला सांग."

गोंद सहज सुटला. उन्हात धरल्यावर करड्या कडेत बारीक ठिपके दिसले, तिळाएवढे. काही पांढरे, काही काळे.

"एखादा तांबडा आहे?"

"आहे. दोन आहेत."

"ते तांबडे ठिपके म्हणजे आमच्या आईची घागर," मावशी म्हणाली. "ती दळताना तुझी आई रडत होती, मी पाटा धरून बसले होते. बाकीचे ठिपके कुणाकुणाचे, ते मला नाही ठाऊक."

युफेमिया बराच वेळ तो तुकडा उन्हात फिरवत राहिली. मग सुरी घेऊन तिनं गोंद खरवडायला घेतला.

एकेक तुकडा पाट्यावर फुटू लागला. आधी बूड, मग पोट, मग पोपटाची शेपटी. वरवंट्याखाली करकर होत होती. पोपटाच्या डोळ्याचा तुकडा आला, तो तिनं हळूच मुठीत दाबला.

"अकरा म्हणाली होतीस ना?" मावशी भिंतीला टेकल्या टेकल्या बोलली. "मी दहाच ऐकले."

युफेमियाला हसू आलं, डोळेही भरले. तिनं आवेलिनाला बोलावलं, तिचे चिखलाचे हात फडक्याला पुसले आणि तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला.

"हा तू दळ," ती म्हणाली. "वरवंटा घट्ट धर. डोळा टणक असतो."