मुकादम आणि टाचण्यांची डबी

जुन्या नकाशांच्या कार्यालयात जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर होता आणि सर्व्हरवर एक मुकादम. मुकादम म्हणजे एक प्रोग्रॅम. सर्व्हर कुठे आहे, किती तापलाय, डिस्क किती भरली, हे सारखं मुख्य कार्यालयाला कळवायचं, एवढंच त्याचं काम. स्वतः काही न करता दुसऱ्याबद्दल वर कळवत राहतो, म्हणून हे नाव.

हल्ली तो कळवता कळवता मरून पडायचा. तीनदा पडला. चौथ्यांदा पडला तर सर्व्हर आम्ही इकडे आणू आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंचीही इकडेच बदली करू, असं मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. मुख्य कार्यालय अडीच तासांवर. या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचे दीर पूर्वी इथेच होते. घरी मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती.

वहिनींनी पंखा पुसला, मेमरी बदलली, मुकादम काढून पुन्हा बसवला. मग मेल्याच्या तीन तारखा कागदावर लिहून त्या हजेरीपट समोर घेऊन बसल्या.

"मावशी, तुम्ही रजेवर असलात की हा मरतो."

खोली झाडणाऱ्या मावशींनी झाडू खाली ठेवला. "आता माझी नजर लागली म्हणा! अहो, मी त्या डब्याला फडकंसुद्धा लावत नाही."

"म्हणून तर विचारतेय. तुम्ही नसता तेव्हा इथे काय बदलतं?"

"काही नाही. किल्ली नानांकडे जाते, बस."

नाना हेडक्लार्क होते आणि नियमाने चालत. सर्व्हरच्या माहितीत 'ठिकाण' अशी एक ओळ असते. तिथे ठिकाण पूर्ण, मराठीत आणि किल्ली कोणाकडे यासह लिहावं, असं मुख्य कार्यालयाचंच परिपत्रक होतं. एरवी तिथे असायचं: 'जिन्याखालची खोली. किल्ली मावशींकडे.' मावशी रजेवर गेल्या की नाना पुढे जोडत: 'मावशी रजेवर. किल्ली नानांच्या डाव्या खणात, टाचण्यांच्या डबीखाली.'

"मग खोडा ते, आणि सुटा," नाना म्हणाले.

"खोडलं तर तो का मरत होता ते जन्मात कळणार नाही."

"वहिनी, चौथ्यांदा मेला तर तुमची बदली आहे. कळून काय लोणचं घालायचंय?"

वहिनींनी ऐकलं नाही. त्या एकेक अक्षर वाढवत गेल्या आणि दर वेळी मुकादमाला वाचायला लावत गेल्या. नाना, मावशी मागे उभे. 'टाचण्यांच्या' झालं, मुकादम ठणठणीत. 'डबी' झालं, तरी ठणठणीत. 'डबी'ला 'ख' लावला आणि मुकादम आडवा.

"गेला!" मावशींनी तोंडावर हात ठेवला.

"दोनशे पंचावन्न जागा," वहिनी खुशीत म्हणाल्या. "त्याच्याकडे ठिकाणासाठी तेवढ्याच आहेत. आपलं एकेक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन जागा खातं. इंग्रजी अक्षराला एकच पुरते. इंग्रजीत लिहिलं असतं तर हा कधीच मेला नसता."

तेवढ्यात फोन वाजला. मुख्य कार्यालयाचे साहेब होते. त्यांच्या पडद्यावर लाल दिवा लागला होता.

"चौथी वेळ, बाई. सोमवारी सर्व्हर घेऊन या."

"हो साहेब. तेवढं नवं ठिकाण सांगता? परिपत्रकाप्रमाणे पूर्ण लागेल."

"लेटरहेडवर आहे तसंच घ्या." वहिनींनी मुकादमाला पुन्हा चालू केलं. साहेब सावकाश सांगू लागले आणि त्या टाइप करू लागल्या. "मुख्य कार्यालय, जुने नकाशे व अभिलेख जतन, दुरुस्ती आणि पुनर्मुद्रण विभाग, नवी प्रशासकीय इमारत, तिसरा मजला..."

"थांबा साहेब. मेला."

"कोण?"

"मुकादम. 'तिसरा'मधल्या 'रा'वर. तुमच्या मजल्यावर पोचलाच नाही, जिन्यातच गेला." वहिनींनी जागांचा हिशेब समजावला. "पत्ता थोडा छोटा करता येईल का?"



"तो पत्ता समितीने मंजूर केलाय," साहेब म्हणाले. "त्यातला स्वल्पविराम काढायलासुद्धा बैठक लागते. मागची बैठक... बरं, तुमच्या जिन्याखाली तो जगतो ना?"

"डबीपर्यंत जगतो."

"मग राहू द्या तिथेच. आणि तुम्हीही राहा."

वहिनींनी फोन ठेवला आणि नानांकडे पाहिलं. "नाना, फक्त 'डाव्या खणात' एवढंच लिहा हं."

"आणि डबी?" नाना दुखावले होते. "डबी त्याच खणात आहे. न लिहून कसं चालेल?"

मग स्वतःच उठले, टाचण्यांची डबी काढली आणि उजव्या खणात ठेवली.