मला त्याच संध्याकाळी मारायला हवे होते

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे, आणि जुना असणे हाच माझा गुन्हा आहे. मी जुना व्हायलाच नको होतो.

मला ना कागद आहे, ना शिक्का. मी अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ आहे. संगणकवाले मला टोकन म्हणतात. माझा जन्म एका रुग्णालयाच्या सर्व्हर खोलीत झाला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता. त्या दिवशी तिथे गुपितांची तिजोरी बसवली जात होती. ही तिजोरी म्हणजे लोखंडी कपाट नव्हे, एक प्रोग्रॅम. लॅब, औषध विभाग, रक्तपेढी, प्रत्येकाचा पासवर्ड तिच्या वेगळ्या कप्प्यात राहतो.

तिजोरी बसवायला बाहेरून आलेल्या इंजिनियर बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी मला पडद्यावर पाहिले आणि संगणक विभागाच्या साहेबांना बजावले, "हा पहिला परवाना. याने सगळे कप्पे उघडतात आणि याला मुदत नाही. बाकीच्यांची व्यवस्था लागली की आज संध्याकाळीच रद्द करा."

"करतो की," साहेब म्हणाले.

बाकीच्यांची व्यवस्था चोख होती. लॅबचा प्रोग्रॅम दाराशी आला की तिजोरी विचारी, तू कोण? तो आपले ठरलेले नाव सांगे आणि एकदाच चालणारा गुप्त शब्द दाखवी. दोन्ही जुळले तरच त्याला परवाना मिळे. कोणाचा, कोणत्या कप्प्यासाठी, किती वेळ, हे त्यावर लिहिलेले असे. वेळ एक तास. तास संपण्याआधी मुदत वाढवून घ्यायची, नाहीतर नवा शब्द घेऊन पुन्हा ओळख पटवायची. त्याने काय उघडले, काय पुसले, हे नोंदवहीत त्याच्या नावाने चढे. माझी ही भावंडे तासाभरात मरत, पण नावानिशी जगत.

त्याच दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी लॅबच्या परवान्याचा तास संपला. मुदत वाढवून घेण्याची ओळ प्रोग्रॅममध्ये लिहायची राहून गेली होती. रिपोर्ट अडकले. खिडकीपुढे रांग लागली. ती ओळ लिहायला अर्धा दिवस लागला असता. साहेबांना मला उचलून लॅबच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवायला चाळीस सेकंद लागले.

"तात्पुरतं चालू द्या. सोमवारी नीट करू."

लॅबच्या संगणकावर एक काकू बसत. नोकरीची बावीस वर्षे झालेली. त्या म्हणाल्या, "कुठला सोमवार तेवढं सांगा साहेब, कॅलेंडरवर खूण करून ठेवते."

सगळे हसले. साहेबही हसले. तो सोमवार चार वर्षांत उगवला नाही.

मग मी औषध विभागात गेलो, एक्स-रेच्या खोलीत गेलो. कुठे काही अडले की साहेब म्हणत, "आपला रामबाण लावा." माझे कौतुक होत होते आणि मी चिडत होतो. मी इलाज नव्हतो. दुखणे तसेच ठेवून वर मारलेली पट्टी होतो. साहेबांना मी पाठ होईना, म्हणून त्यांनी मला पिवळ्या चिठ्ठीवर लिहिले आणि काकूंच्या कीबोर्डखाली चिकटवले. लॅब मधोमध होती, एवढेच कारण.

"माझ्या टेबलाखाली कशाला?" काकूंनी विचारले.

"तुमच्याइतकं विश्वासू कोण आहे इथे?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

एका गुरुवारी दुपारी साडेतीनला काकू नेहमीप्रमाणे चहाला गेल्या. तीन चाळीसला साहेब त्यांच्या खुर्चीत बसले. चाचणीसाठी केलेला एक जुना कप्पा त्यांना पुसायचा होता. त्यांनी कीबोर्ड उचलला, मला वाचले, टाइप केले. यादीत चाचणीच्या खालीच रक्तपेढी होती. त्यांनी रक्तपेढी पुसली आणि ते उठून गेले. मी तिथेच होतो. त्यांच्याच बोटांखाली होतो.

लॅबचा परवाना असता तर तिजोरीने तोंडावर सांगितले असते, हा कप्पा तुझा नाही. मला ती नाही म्हणूच शकत नव्हती.

कप्प्यातला पासवर्डच गेल्याने दोन तास वीस मिनिटे रक्तपेढीचे पडदे कोरे होते. ऑपरेशनच्या टेबलावर एक ट्रकचालक होता. तिथल्या माणसांनी एकेक पिशवी हातात घेऊन गट वाचला, फोनवरून पडताळला. ट्रकचालक बचावला. मला कोणी त्याचे श्रेय देऊ नये.

चौकशी बसली. नोंदवहीत दोनच गोष्टी होत्या: पहिला परवाना, आणि काकूंचा संगणक.

"तीन चाळीसला कुठे होतात?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले.

"चहाला."

"त्याची नोंद?"

"चहाची नोंद कोण ठेवतं हो? कपबशी?"

कँटीनवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "रोज येतात. त्या दिवशीही आल्या असतील." त्या 'असतील'ने काकूंचा घात केला. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि त्यांची बदली तळघरातल्या जुन्या फायलींकडे झाली. शेरा होता, संशयास्पद.

ताईंना परत बोलावले गेले. त्यांनी नोंदवही वाचली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा परवाना जिवंत कसा?"

मग त्या सगळ्यांकडे वळल्या.

"हा ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा."

अकरा हात वर झाले. साहेबांचा सर्वांत शेवटी, खांद्याच्या वर न जाणारा.

"मग हे काकूंनीच केलं असं कशावरून? नोंदवहीत माणूस कुठे आहे?" ताई म्हणाल्या. "अकरा जणांच्या तोंडावर एकच मुखवटा होता. आता चेहरा कोणाचा विचारता?"

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते, पाण्याची टाकी होती.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा एकच शब्द बोललो असतो.

ताईंनी दोन दिवस बसून प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची ओळख दिली आणि ती राहिलेली ओळ लिहिली. मग तळघरातून काकूंना बोलावून खुर्चीत बसवले. पडद्यावर माझ्या नावापुढे 'रद्द' लिहिले होते.

"तुम्ही दाबा."

"याला मारलं म्हणजे माझा शेरा पुसला जाईल का?"

"नाही, काकू. तुम्ही केलं नाही हे त्यातून सिद्ध होत नाही."

"मग मी कशाला दाबू?"

"तुमच्या जागी जी येईल तिच्यासाठी."

काकूंनी कीबोर्ड उचलला. पिवळी चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "तुमची वस्तू," एवढेच म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या.

त्यांचे बोट आता बटणावर आहे, तेवढ्यात सांगतो. जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मला जपले, म्हणून हे झाले. ज्याच्यावर कोणाचे नाव नाही आणि ज्याला शेवट नाही, अशी किल्ली कोणी तुमच्या हाती दिली, विश्वासाने दिली असे म्हणाले, तरी घेऊ नका. आणि तुम्ही कुणाच्या कीबोर्डखाली ठेवलीच असेल, तर आज संध्याकाळीच जाऊन काढा.

दाबा, काकू.