मथियासने मळलेलं पीठ

माझ्या नवऱ्याला, मथियासला, घाईचं वावडं होतं. नाताळची लेबकुखन, म्हणजे जर्मन मसाल्याची बिस्किटं करायची, तर मध-मैदा सप्टेंबरातच मळून मुरत ठेवायचा. मी चिडवायचे, "अरे, एवढ्यात आमचं लोणचं खाऊन संपतं." तो आमच्या लेकीचे, रेवाचे, हात धरून पिठात घालायचा आणि हसायचा.

यंदाही बापलेकीने पीठ मळलं; रेवा आता आठ वर्षांची. ऑक्टोबरात तो आमच्या गावच्या, लिक्सलिपच्या, स्टेशनवर कोसळला, तो उठलाच नाही.

त्यानंतर रेवाने स्वतःहून काही मागितलं ते डिसेंबरात. "ममा, पापाज डो, ते मळलेलं पीठ, कधी बेक करायचं?" शनिवारी करू म्हटलं. शुक्रवारी ती शाळेत गेल्यावर मी प्रेस उघडली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. भांडं होतं, घासून पालथं घातलेलं.

"आई, यातलं पीठ?"

आई अंत्यसंस्काराला नागपूरहून आली, ती अजून इथेच आहे.

"ते? टाकलं नं मी तेव्हाच, त्या ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये. सुतकात घरातलं शिजवलेलं-भिजवलेलं ठेवतात का कोणी? शिवाय वास मारत होतं."

"ते त्याच्या हातचं होतं."

आई मटकन खुर्चीत बसली. मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. "तू परत जा," मी म्हणाले, आणि मला तसंच म्हणायचं होतं.

मग मध गरम केला. त्यात मैदा, दालचिनी, जायफळ घातलं. जुनं दिसावं म्हणून थोडा कोको. आई लवंगा कुटत राहिली. रेवा घरी यायच्या आत भांडं फडकं बांधून जागेवर ठेवलं.

शनिवारी ओव्हन तापला. रेवाने फडकं सोडलं, नाक आत घालून बराच वेळ वास घेतला. कळलं हिला, मला वाटलं. तिने पिठावर तळवा दाबला आणि तसाच ठेवला.

"भाजायचं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "भाजलं की आपण खाऊन टाकू. मग पापाचं काहीच राहणार नाही."

भांडं छातीशी धरून ती वर आपल्या खोलीत गेली. मी तिला थांबवलं नाही. आईने ओव्हन बंद केला.

"सांगून टाक तिला," आई हळूच म्हणाली. "माझं नाव घे."

मी जिन्यापर्यंत गेले. रेवा जर्मन बोलायची ती फक्त बापाशी, आणि तो गेल्यापासून तिने त्या भाषेतला एक शब्द काढला नव्हता. आता दाराआडून तिचा आवाज येत होता. माझ्या कालच्या पिठाशी ती जर्मनमध्ये बोलत होती.