सदाशिवरावांच्या नावाचं स्तोत्र

सदाशिवरावांनी नारळ आणि लिंबं पाळकांच्या टेबलावर मांडली.

“उतारा द्या.”

“भाऊ, हे चर्च हाये. रस्ता चुकले काय?” पाळक बळीराम म्हणाले.

“तुमची रूथाबाई रोज दिवेलागणीले माह्यावर मंतर चालवून राह्यली. पुस्तकातून. नाव घेऊन! घर ओस पडो म्हणते, पोरांले कोणी जवळ करू नोको म्हणते.”

आर्णीत सदाशिवरावांचं फवारणीच्या औषधांचं दुकान. मागल्या हंगामात त्यांनी दोन औषधं एकत्र करून दिली, ‘तोंडाले फडकं कायले?’ हा सल्ला फुकट दिला, आणि कपाशी फवारता फवारता रूथाबाईचा नवरा गेला. बोंडअळी वाचली. चौकशीत दोष वाऱ्याचा निघाला. सदाशिवराव निवांत झाले. आता मात्र झोप उडाली होती. कालपासून पोरालाही ताप.

“मंतर नाई, स्तोत्र हाये. बायबलातलं, इब्री म्हंजे ज्यू लोकायचं जुनं गाऱ्हाणं. ज्याचं कोणीच ऐकत नाई, तो देवापुढं पोटातलं सारं ओकते. वैऱ्याचं वाटोळं कर म्हणते.”

“अन् हे तुमच्या शास्त्रात चालते?”

“चालते. सूड देवाच्या हाती देला, का आपले हात साफ राह्यतात. बाई म्हणून राह्यली तोवर खुशाल झोपा, भाऊ. थांबली, तं मंग मले सांगा.”

सदाशिवराव निघाले. रूथाबाईचं घर वाटेवरच होतं. दिवा लागला होता, आवाज नव्हता. त्यांचे पाय थबकले. अंगणात बाई विळ्याला धार लावत बसली होती.

“बाई,” त्यांनी कसंबसं विचारलं, “आज... प्रार्थना नाई?”

“पोरगी वाचे. ते गेली सकाळी पुसदले, मामाकडं. मले कुठं वाचता येते?”

दगडावर विळा खरखरत राहिला.

“तूर कापाची हाये वाटते?”

“तूर कवाच कापली, शेठ.”

सदाशिवरावांनी चपला काढल्या. ओसरीवरचं पुस्तक मांडीवर घेतलं, दोरा घातलेलं पान उघडलं आणि मोबाइलच्या उजेडात वाचू लागले. घर ओस पडो, इथं आवाज चिरकला. पोरांच्या ओळीवर तर ते थांबलेच. मग तिच्या हातांकडे पाहिलं आणि तीच ओळ आणखी मोठ्यानं वाचली.

विळा थांबला.

शेवटची ओळ झाली. त्यांनी पुस्तक मिटून कपाळावरचा घाम पुसला.

“नाव राह्यलं, शेठ,” रूथाबाई म्हणाली.