स्वयंपाकघरातलं गाणं मागे पडतं

धुळ्यात वरात निघायची म्हटलं की तीस वर्षं रोहिदासचंच नाव पुढे यायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डाव्या अंगाला स्पीकरच्या पेट्यांची भिंत, पुढ्यात मिक्सर आणि मधल्या फटीत हा, असा तो शहरभर वाजत फिरला. गाणं कुठं उचलायचं, ढोल कुठं दाबायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझा कान म्हणजे मीटर आहे, असं तो सांगायचा, आणि तेव्हा ते खोटंही नव्हतं.

आता मीटर बिघडलं होतं. दोन वर्षांपासून लोक म्हणायला लागले, रोहिदासभाऊचा आवाज कानात सुया टोचल्यासारखा लागतो. त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते, म्हणून तो ते वाढवत सुटायचा. डावा कान तर कधीचाच गेला होता. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, एक त्याला सोडून. तो नव्या पेट्यांना शिव्या घालायचा आणि कानात मळ साठलाय म्हणून कोमट तेल सोडत बसायचा. माणसानं स्वतःला इतकं फसवू नये, पण फसवतात, काय करणार.

लग्नाची कामं आटली तशी त्यानं नवी गोष्ट मनावर घेतली. घरभर एकच गाणं, सगळ्या खोल्यांत एकाच वेळी. बंगलेवाल्यांमध्ये ही हौस वाढत होती. कंपन्या करून देत होत्या, तर आपण आपल्या हातानं का नाही? हे जमलं तर तो साउंडवाला म्हणून जगणार होता. नाही जमलं तर दुकानाचं शटर कायमचं खाली.

आधी प्रयोग स्वतःच्या घरी. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर आणून त्यानं त्यात तीस वर्षांची गाणी भरली. तो झाला सर्व्हर. नातेवाइकांनी टाकून दिलेले मोबाइल एकेका खोलीत टांगले आणि प्रत्येकाला एक स्पीकर जोडला. कॉम्प्युटरनं वायफायवरून गाणं सोडलं की चारही खोल्यांत एकदम वाजायला हवं. पण स्पीकर ऐकतात थोडेच! स्वयंपाकघरातला ब्लूटूथवाला तर महाआळशी, सगळ्यांच्या मागून बोलायचा. मग बाकीच्यांना तेवढंच थोपवून धरावं लागतं. सेकंदाचे हजार भाग करायचे, त्यातले किती थांबायचं तो आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायचा. हा आकडा मोजून देणारं ॲप फोनवर फुकट मिळतं. रोहिदासनं नाक मुरडलं. कान असताना ॲप कशाला?

त्यानं नुसत्या टकटकीचं रेकॉर्डिंग लावलं आणि बैठकीच्या खोलीच्या अन् स्वयंपाकघराच्या मधल्या दारात उभा राहिला. टक-टक, टक-टक. आकडा बदलला, तरी दोनच. पुन्हा बदलला, पुन्हा दोनच. सकाळभर हे चाललं. शेवटी त्याची बायको, रूपा, पोळ्या लाटता लाटता ओरडली, "आवो, आवाज तरी कमी करा! डोकं उठनं मन्हं."

त्यानं आवाज निम्म्यावर आणला आणि थबकलाच. टक. टक. टक. दोनाचा एक झाला होता! स्वयंपाकघर त्याच्या डाव्या हाताला होतं आणि कमी केल्यावर तिकडचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्याला वाटलं, आकडा सापडला.

"रूपा, आते कसं शे?"

रूपानं लाटणं थांबवलं, घटकाभर ऐकलं आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोन वर्षांत तो असा हसला नव्हता.

"बरोबर शे," ती म्हणाली.

तीन महिने घर तसंच वाजत राहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो छाती फुगवून दाखवायचा. लोक मान डोलवायचे आणि चहा पिऊन लवकर उठायचे.

मग जळगावहून बोलावणं आलं. डाळमिलवाल्या प्रेमराजशेठच्या बंगल्यात आठ खोल्या होत्या. शेठच्या आई, सुनंदाबाई, सकाळी घरातल्या घरात फेऱ्या मारत. प्रत्येक खोलीत भजन आपल्याबरोबर असावं अशी त्यांची इच्छा होती. घरचे सगळे दोन दिवस जामनेरला लग्नाला गेले, तेवढ्यात रोहिदासनं काम उरकलं. प्रत्येक दारात उभं राहून त्यानं टकटक ऐकली. हळू आवाजात, शांतपणे, एक टक ऐकू येईपर्यंत.

चौथ्या दिवशी शेठचा निरोप आला, जरा येऊन जा.

तो पोचला तेव्हा सुनंदाबाई सोफ्यावर कपाळ दाबून बसल्या होत्या. "अरे भाऊ, एक म्हणतो, तेच दुसरा मागून म्हणतो," त्या म्हणाल्या. "देवघरात बसू की इथं, मला कळतच नाही. नुसता गलबला."

रोहिदास खोलीच्या मधोमध उभा राहिला. भजन चालू होतं. एकच होतं, स्वच्छ होतं. शेठची सून ममता फोन घेऊन या दारातून त्या दारात गेली आणि परत आली.

"दोनशे दहाचा फरक आहे, काका. तुम्हाला हे ऐकू येत नाहीये का?"

तिनं टोमणा मारला नव्हता. पण ती सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलली होती. शेठही तसेच बोलत होते. आठवून पाहिलं तर अलीकडे सगळेच त्याच्याशी तसे बोलत होते.

"येतंय ना," रोहिदास म्हणाला.

ममतानं ॲप बघून आकडे भरले. दहा मिनिटं लागली. सुनंदाबाईंचा कपाळावरचा हात खाली आला आणि त्या ओठांतल्या ओठांत भजनाबरोबर म्हणू लागल्या. रोहिदासला आधीचं आणि आताचं अगदी सारखंच वाटलं. तिथं त्याला कळलं. शेठनं चहा पाजला, मेहुण्याच्या बंगल्याचं काम देणार होते त्याबद्दल "सांगतो कधीतरी" म्हणाले. निघताना ममतानं ते ॲप त्याच्याही फोनवर टाकून दिलं.

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला आली. दुपार होती. घरात गाणं चालूच होतं, आणि रूपा स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. तो फोन घेऊन आधी बैठकीत उभा राहिला, मग तिच्याजवळ. दोनशे चाळीस.

"तुले समजत नव्हतं का?" त्यानं विचारलं.

रूपानं फोनकडे पाहिलं. काय झालं असेल ते तिच्या लक्षात आलं.

"समजत व्हतं."

"मंग सांगं का नही?"

"तुम्ही इतला खुश व्हतात." ती शेंगदाणे हलवत राहिली. "व्हई गयी सवय. बैठकमा गानं संपी जास, मन्हा आठे चालूच ऱ्हास."

तीन महिने ती त्या गोंधळात रांधत होती. रोहिदासला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. त्यानं कॉम्प्युटरपुढे बसून आकडा भरला, परत मोजलं. फरक शून्य. घर पहिल्यांदा एका सुरात वाजत होतं आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यानं सर्व्हर बंद केला.

"आजून काय काय सांगं नही माले?"

रूपानं गॅस बंद केला. "सोनलले तुमना राग नही शे," ती म्हणाली.

सोनल त्यांची एकुलती एक लेक, भडगावला दिलेली. दिवाळीपासून तिनं बापाला फोन केला नव्हता. आपण दिवाळीत काहीतरी लागट बोललो, त्याचा राग धरलाय, असं तो समजत होता.

"ती रोज दुपारले माले फोन करस. ती एक इचारस, तुम्ही भलतंच सांगतस. तिले वाईट वाटस. मंग मीच म्हनं, आबा दुकानवर गयात का करत जाय."

तीनच्या सुमारास फोन वाजला. रूपानं तो त्याच्याकडे दिला. त्यानं आवाज पूर्ण वाढवला आणि उजव्या कानाशी दाबून धरला. "सोनल, मी बोलतो. बोल बेटा."

पलीकडून सोनल बोलू लागली. शब्द लागत नव्हते, पण आवाज तिचाच होता. वर गेला, खाली आला, थांबला.

"हो," तो म्हणाला. "हो बेटा. साफ ऐकू येस माले."

ती पुन्हा बोलू लागली, बराच वेळ. मध्येच आवाज तुटायला लागला, श्वास ओढल्यासारखा झाला, पुन्हा तुटला. पोर रडत होती. एवढं त्या कानाला अजून कळत होतं. कशासाठी, ते कळत नव्हतं. तो "हो, हो" म्हणत राहिला, फोन बंद होईपर्यंत.

रूपा हातभर अंतरावर उभी होती. तिला शब्दन् शब्द ऐकू गेला होता.

"काय म्हणे ती?" त्यानं विचारलं.

रूपानं पदरानं तोंड पुसलं. "मजामा शे म्हणे. तुमले इचारत व्हती."

रोहिदासनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. यापुढे ती सांगेल तेवढंच त्याला ऐकू येणार होतं.